नवीन सुपरवायझर झालायस, तर एवढं ऐक

भावा, शिरोलीच्या फौंड्रीत नवीन पोरं आली की तू आधी मशीन दाखवतोस, बरोबरच आहे. पण जेवणाच्या सुट्टीत कोण एकटं डबा उघडतंय, तेही बघ. माझ्याकडं ओडिशाचा एक पोरगा आठवडाभर कोअर शॉपच्या मागं बसून जेवायचा. आपली बोली त्याला कळत नव्हती. शेजारी डबा घेऊन बसलो, तेव्हा कुठं तो शंका विचारायला लागला. शिवाशिव मोडायला शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात मुद्दाम चहाला जायचे, ते आपल्याच कोल्हापुरात.

पोरी येणार असतील तर बाथरूमची सोय आधी कर. १० किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते. तिच्यात कोण आहे ते पहिल्याच दिवशी सांग. आणि कुणालाही 'ए बिहारी' म्हणू देऊ नकोस. नावानं हाक मारायची.