आपल्या घरात टोपली कोण विणायचं?

प्रिय अन्वी,

रविवारी इथल्या यूबीसीच्या (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या) संग्रहालयात हैडा या कॅनडातल्या मूळ रहिवासी लोकांच्या विणलेल्या टोप्या-टोपल्या बघताना तू विचारलंस, "आई, आपल्या घरात टोपल्या कोण विणायचं? आजीने तुला नाही शिकवलं?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून टाळलं. आता लिहूनच देते.

आधी त्यांचं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हैडा ग्वाई बेटांवर सिटका स्प्रूस या झाडाची मुळं खणून काढतात, विस्तवावर भाजतात, फोडलेल्या काठीच्या चिमट्यातून ओढून साल उतरवतात, मग उभी चिरून भिजवतात. एवढं झालं की मग विणायला बसायचं. टोपली उलटी विणतात, बूड वर. मुळं पाण्याने फुगतात, म्हणून घट्ट विणीतून थेंब गळत नाही. टोपीवर घराण्याची चिन्हं रंगवायची. तिथली इझाबेला एडनशॉ विणायची आणि तिचा नवरा चार्ल्स रंगवायचा. अशी टोपी पॉटलॅचमध्ये, म्हणजे मानपान आणि दानाच्या मोठ्या सोहळ्यात घालायची. त्या सोहळ्यावरच कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ बंदी घातली होती. बायका टोपल्या विकत राहिल्या, आणि हात चालू राहिला.

शिकवणं मात्र लाडाचं नव्हतं हं. डेलोरेस चर्चिल ही नावाजलेली विणकर. तिची आई सेलिना पेराट्रोविच त्याहून नावाजलेली. डेलोरेस सांगते, तिने विणलेल्या टोपल्या आईने पाच वर्षं जाळल्या! पुढे डेलोरेसच्या मुलीही विणायला लागल्या. (तुझी चित्रं मी फ्रिजवर लावते, हे लक्षात असू दे.)

आता आपलं. आपल्या घरात कोणीच विणत नव्हतं. सूप, रोवळी, दुरडी, टोपली हे सगळं बुरूड करायचे, बांबूच्या बेळांचं, म्हणजे चिरलेल्या पातळ पट्ट्यांचं. पुण्यात बुरूड आळीच आहे. त्यांच्याकडेही हे आईबापांकडून मुलांकडेच जायचं, पण ते जातीचं काम होतं. विणणारं घर वेगळं, वापरणारं वेगळं. हैडांकडे घराण्याची टोपी घराण्यातली बाई विणायची. आपल्याकडे आजी आळीत जाऊन दहा रुपयांसाठी घासाघीस करायची आणि टोपली घेऊन यायची. घरी आणून तिच्या फटी शेणाने लिंपायची.

तरी बुरुडाच्या हातावाचून आपलं काही अडत नव्हतं असं नाही. तुझ्या आत्याच्या लग्नात झाल झाली, तेव्हा दिवे लावलेली बांबूची टोपली व्याह्यांच्या डोक्यावर धरली होती, आठवतं व्हिडिओतलं? ती विणणाऱ्याला त्या पंगतीत कोणी बोलावलं होतं का, हे मी आजीला कधी विचारलं नाही.

आजीने मला शिकवलं ते पाखडणं. मनगटाला असा झटका द्यायचा की कोंडा पुढे उडतो आणि तांदूळ मागे सरकतो. माझा तांदूळ अंगणात आणि कोंडा सुपात. आजी काही न बोलता सूप काढून घ्यायची, चिमण्या खूश.

तेच सूप आपल्या कपाटावर आहे, ज्यात तू मणी ठेवतेस. कोणी विणलं म्हणून मी परवा फोनवर विचारलं. आजी म्हणाली, "आळीतल्या त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीने." नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

तुझी,
आई