बडोद्यात विद्यार्थ्याचे दिवस कसे जातात?

तू मालेगावची, एम. एस. युनिव्हर्सिटीत कलेच्या इतिहासाला प्रवेश मिळतोय, बाबा म्हणतात पुण्यातच काहीतरी बघ, गुजराती येत नाही, आणि बडोद्यात विद्यार्थ्याचे दिवस कसे जातात ते तुला हवंय. मी २०१८ ते २०२० याच विषयासाठी तिथं होते, इस्लामपूरहून गेलेली. वयानं मोठी आहे, म्हणून तू म्हणते.

आधी बाबांशी बोलायचं ते. ज्यांच्या नावाची ही युनिव्हर्सिटी आहे ते सयाजीराव महाराज तुमच्याच मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. जन्म १८६३ चा, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, १८७५ मध्ये दत्तक गेला आणि बडोद्याच्या गादीवर बसला. पुढं १९०६ मध्ये त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. युनिव्हर्सिटी झाली १९४९ मध्ये आणि तिच्या पहिल्या कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. मुलीला लांब पाठवायची काळजी बाबांना असणारच, पण ज्या गावात पाठवायचंय त्याचा हा इतिहास त्यांना माहीत असू दे.

आता दिवस. बडोदं आज मोठं शहर आहे, पण विद्यार्थ्याचं बडोदं छोटंसंच आहे. स्टेशनातून सयाजीगंजकडे बाहेर पडलीस की थोड्याच वेळात आर्ट्स फॅकल्टीचा तो प्रचंड घुमट दिसतो. ही जुन्या बडोदा कॉलेजची इमारत, जिथं अरविंद घोष शिकवायचे. आपली फाइन आर्ट्स फॅकल्टी जवळच, पुष्पबागेत. समोर कमाटीबाग, बागेतच संग्रहालय, विश्वामित्री नदीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक. सायकल असली तर जुन्या शहरातली मांडवी, तांबेकर वाडा, सूरसागर तलाव, सगळं हाताशी. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे रोजचे दीड-दोन तास बसमध्ये जायचे. मला बडोद्यानं ते तास परत दिले, आणि माझं निम्मं शिक्षण त्या तासांत झालं असं मी मनापासून म्हणते. आपल्या विषयाला पुस्तकातल्या फोटोवर भागत नाही. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. तांबेकर वाड्यात, म्हणजे दिवाण भाऊ तांबेकरांच्या घरात, भिंतीच्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरल्यात, कृष्णलीला आणि इंग्रज-मराठे लढाई शेजारी शेजारी. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपावा. सयाजीरावांनी त्यासाठी बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले होते. त्या काचेवर पहिल्यांदा पाऊल ठेवताना मी चपला हातात घेतल्या होत्या.

भाषेचं सांगते, कारण तुझी खरी भीती तीच दिसते. गुजराती अडत नाही. लिपीला शिरोरेषा नाही आणि क, ख, च, ज, ब अशी थोडी अक्षरं वेगळी आहेत. आठवडाभर दुकानांच्या पाट्या वाचत चाललीस की जमतं. अडतं ते इंग्रजी. तिथं शिकवणं इंग्रजीत, आणि मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली. पहिल्या सेमिनारला उभी राहिले आणि चार वाक्यांनंतर शब्दच संपले. खाली बसले तेव्हा हात थरथरत होते. त्या संध्याकाळी घरी फोन करून 'मी परत येते' म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या, आधी मराठीत लिही, काय म्हणायचंय ते तुझं तुला कळू दे.

विषय होता अकोट्याची ब्राँझं, म्हणजे ब्राँझच्या मूर्ती. अकोटा हा बडोद्याचाच भाग, विदर्भातलं अकोट नव्हे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथं जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला, उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि त्या मूर्ती कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहेत. त्यात जीवंतस्वामी आहे, म्हणजे दीक्षेपूर्वीचा, राजपुत्राच्या वेषातला महावीर. मुकुट, दागिने, धोतराच्या चुण्या. सहाव्या शतकातली ही मूर्ती, आणि तिच्या पीठावर ती देणाऱ्या बाईचं नाव कोरलंय, नागीश्वरी. मी पाच-सहा दुपारी त्या कपाटासमोर वही घेऊन उभी राहिले. काचेत माझाच चेहरा दिसायचा म्हणून कडेला सरकून बघायचे. मूर्ती घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, मूर्तीसाठी पैसे देणाऱ्या बाईचं मात्र चौदाशे वर्षं टिकलं. हे मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत नेलं. दुसऱ्या सेमिनारला वीस मिनिटं बोलले. इंग्रजी काही फार सुधारलं नव्हतं, पण सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं. तूही असंच कर. पहिली दोन-तीन टिपणं मराठीत लिही, कुणी काही म्हणत नाही.

राहण्याचं. होस्टेल पहिल्याच यादीत मिळेल असं धरून येऊ नकोस. मला मिळालं नव्हतं. जुलैच्या पावसात चार दिवस खोल्या शोधल्या, एका घरमालकानं आगाऊ पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी खोली दुसऱ्याला दिली. पैसे परत मिळायला महिना गेला. म्हणून पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. शेवटी दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात माडीवरची खोली मिळाली. त्या भागात आणि रावपुऱ्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. तिथं सरळ मराठीत विचारत फिर. आमच्या काकूंची मराठी वेगळीच गोड होती. रात्री जिन्यात पाऊल वाजलं की आतून आवाज यायचा, 'आलीस ने? शाक झाकून ठेवलंय.' महिन्याभरात मीही भाजीला शाक म्हणायला लागले. आई फोनवर हसायची.

खायला सेवउसळ. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर जाडी शेव, कांदा, लिंबू, तिखट तरी वेगळी, सोबत पाव. आपल्या मिसळीशी तुलना करत खाऊ नकोस, तिची चव तिची आहे. ती तिखट तरी मात्र पहिल्या दिवशी कमी घे.

नवरात्रात नऊ रात्री अभ्यास होत नाही हे आधीच धरून चाल. फाइन आर्ट्सचा गरबा वेगळा असतो, जुनी गाणी, सिनेमाचं काही नाही. पहिल्या वर्षी मी कडेला बसून होते. दुसऱ्या वर्षी पाय आपोआप पडायला लागले.

एक गोष्ट गंभीरपणे घे. विश्वामित्री नदी कमाटीबागेतून, युनिव्हर्सिटीच्या अंगानं वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, खऱ्या. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, नदी शहरात शिरली आणि मगरी रस्त्यांवर दिसल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्येही पूर आला. २०१९ च्या त्या रात्री आम्ही माडीवर होतो म्हणून निभावलं, खालच्यांचे गहू, गाद्या, पुस्तकं गेली. तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तरी नदीजवळ घेऊ नकोस, आणि वह्या-पुस्तकं जमिनीवर ठेवू नकोस.

बाबांना सोडायला येऊ दे. एक दिवस जास्त काढा आणि त्यांना संग्रहालयात घेऊन जा. नागीश्वरीचं नाव पीठावर शोधायला वेळ लागतो, दोघांनी मिळून शोधा. आणि वर्ग सुरू झाल्यावर काही अडलं तर इथंच विचार, मी बघते.