नवा आयुक्त आला की लंडन पोलिसांतला वंशभेद कमी होतो का?

नुसता आयुक्त बदलून होत नाही, पण वरिष्ठांनी मनावर घेतल्याशिवायही काही हलत नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरून मॅकफर्सन अहवालाने १९९९ मध्येच मेट्रोपॉलिटन पोलिसांत, म्हणजे लंडनच्या पोलिस दलात, संस्थात्मक वंशभेद (काही व्यक्तींपुरता नाही, तर संस्थेच्या कामकाजातच मुरलेला) असल्याचं म्हटलं. २०२३ च्या लुईझ केसी यांच्या अहवालातही तेच: मुस्लिम अधिकाऱ्याच्या बुटात बेकन (डुकराचं मांस) ठेवलं, शीख अधिकाऱ्याची दाढी कापली. असं करणाऱ्यांना वरून धाकच नव्हता. आयुक्त मार्क रौली यांनी निष्कर्ष स्वीकारले, पण 'संस्थात्मक' म्हणायचं टाळलं. हे मला पटत नाही. मात्र एक ध्यानात घ्या: २०१६ ते २०२४ दरम्यान बहुतेक गंभीर शिस्तभंग सुनावण्यांचं अध्यक्षपद बाहेरच्या कायदेतज्ज्ञांकडे होतं, त्यामुळे बडतर्फीचा निर्णय पूर्णपणे आयुक्तांच्या हाती नव्हता.