स्प्लाइसिंगवर काम सुरू करतोयस? पीकेएमपासून कर

स्प्लाइसिंग म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको ते तुकडे काढून ठेवायचे तुकडे (एक्सॉन) जोडणं. कॅन्सरच्या पेशीत या कामाला लागणारं एसआरएसएफ१ प्रथिन वाढलेलं दिसलं, की तुझा पहिला विचार नॉकडाउनचा, म्हणजे ते कमी करून बघण्याचा असेल. जरा थांब. हे प्रथिन निरोगी पेशीलाही लागतं. एसएफ३बी१ हा स्प्लाइसिंगचा दुसरा घटक तर असा, की तो पुरता काढला तर कुठलीही पेशी मरेल. त्यामुळे नुसत्या ‘पेशी मेल्या’ने काही सिद्ध होत नाही, शेजारी कॅन्सर नसलेल्या पेशी वाढवायलाच हव्यात.

उलटा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. २००७ मध्ये एड्रियन क्रेनर यांच्या गटाने एसआरएसएफ१ थोडासाच वाढवला, तेवढ्यावर उंदराचे फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) गाठी करू लागले. म्यूटेशनची, म्हणजे जनुकातच बदल होण्याची, गोष्ट वेगळी. २०११ मध्ये एमडीएसच्या (रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) रुग्णांत एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१ या स्प्लाइसिंगच्या घटकांतले बदल सापडले. एका रुग्णात सहसा एकाच घटकात, तेही जनुकाच्या एकाच प्रतीत.

हात बसवायला पीकेएम घे, साखर वापरायला लागणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक. एक्सॉन ९ ठेवला तर पीकेएम१, १० ठेवला तर पीकेएम२. बहुतेक गाठींत दुसराच जास्त. एकूण एमआरएनए मोजून हे कळत नाही. पीसीआरने प्रती काढताना प्रायमर (कुठून कुठपर्यंत प्रत काढायची ते ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) एक्सॉन ८ आणि ११ मध्ये ठेव. डोकेदुखी अशी की दोन्ही एक्सॉन १६७ न्यूक्लिओटाइडचेच, म्हणजे जेलवर एकच पट्टा! म्हणून पीसीआरचा माल आधी पीएसटी-वन एन्झाइमने काप. ते फक्त पीकेएम२ कापतं. मग एक्सॉन ९ वगळायला लावणारं पीटीबीपी१ प्रथिन कमी करून बघ, पीकेएम१चा पट्टा गडद व्हायला हवा.