कारच्या इंजिनात सिंथेटिक (कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) ऑइल टाकलं तर १०,००० ऐवजी १५,००० किमीला बदललेलं चालेल का?

नाही, मॅन्युअलमध्ये १०,००० किमी किंवा १ वर्ष (जे आधी होईल ते) लिहिलं असेल तर सिंथेटिक टाकूनही तेच पाळा. सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर घट्ट होत नाही आणि थंड इंजिनात पटकन फिरतं, हे खरं. पण ऑइल फक्त उष्णतेने खराब होत नाही. न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि काजळी पिस्टनच्या कडेने उतरून त्यातच मिसळतात, आणि त्यातून तयार होणारं आम्ल मारणारी ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेली रसायनं) हळूहळू संपतात. ऑइल कितीही महाग असलं तरी हे चुकत नाही. रोज ३-४ किमीच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, पाणी उडत नाही. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ पिवळट साय लागलेली दिसू शकते. अशा गाडीला किलोमीटर भरले नाहीत म्हणून थांबू नका, वर्ष झालं की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

अपवाद एकच: कंपनीनेच जास्त अंतर दिलेलं असेल (स्कोडा, फोक्सवॅगनच्या गाड्यांना १५,००० किमी असतं) आणि ऑइलच्या डब्यावर तिने सांगितलेलंच स्पेसिफिकेशन (ऑइलच्या दर्जाचा कोड) असेल, तर बिनधास्त तितकं चालवा. वॉरंटीतल्या गाडीवर तर स्वतःच्या मनाने अंतर वाढवूच नका.

बाईकला हा हिशोब लावू नका. तिथे बहुतेक वेळा गिअर आणि क्लचही त्याच ऑइलमध्ये फिरतात, त्यामुळे ते लवकर पातळ होतं.