डबीची लाज कोणाला?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मधुमेही लोकांची लघवी डबीत गोळा करून त्यात प्लेटलेटचं काहीतरी मोजते. प्लेटलेट तर रक्तात असतात! आणि नातेवाइकांना काय सांगू? हे सोडून तिने पुन्हा मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यावी, असं मी ठरवलंय. क्लास कुठला लावू?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : क्लास सुचवत नाही. पत्रात ‘मी ठरवलंय’ आहे, ‘ती म्हणते’ एकदाही नाही. नातेवाइकांना काय सांगायचं, ही अडचण तुमची आहे. त्यासाठी तिने होत आलेली पदवी का सोडायची? पुढे नेट, गेट या परीक्षा आहेत, त्यांची चौकशी ती करेल.

प्लेटलेट रक्तातच असतात, खरंय. पण चेतल्या की त्या थ्रॉम्बॉक्सेन ए2 हे गुठळीला मदत करणारं रसायन सोडतात आणि ते अर्ध्या मिनिटात निम्मं होतं. शिवाय रक्त काढतानाही प्लेटलेट चेततात. मग नळीत सापडलं ते शरीरातलं की सुईमुळे झालेलं, कसं ओळखणार? त्यापासून बनणारं 11-डिहायड्रो-थ्रॉम्बॉक्सेन बी2 मात्र टिकतं आणि लघवीत उतरतं. टाइप 2 मधुमेहात ते वाढलेलं असतं, हे 1990 मध्येच प्रसिद्ध झालंय. म्हणून ती डबी.

आता पत्र मुलीच्या हातात द्या.

ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनणं अडवते. पण ‘ॲस्पिरिन घेता का?’ विचारलंस तर नमुना देणारे आजोबा नाही म्हणतील. ‘रक्त पातळ करायची 75 ची गोळी’ म्हण आणि पाकीट बघ. प्लेटलेट 7 ते 10 दिवस जगते, तेवढे दिवस गोळीचा परिणाम राहतो. आयबुप्रोफेन आणि विडी-सिगारेटही नोंदव. नमुना सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वरचं पाणी 1-1 मिलिलिटरच्या नळ्यांत भर, उणे 80 अंश सेल्सियसला ठेव. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नकोस. साखर वाढली की लघवी जास्त आणि पातळ होते, त्यामुळे नुसता मिलिलिटरमागचा आकडा फसवा. तो क्रिएटिनिनने भाग, म्हणजे लघवीतूनच जाणाऱ्या स्नायूंमधल्या टाकाऊ पदार्थाच्या आकड्याने. क्रिएटिनिन जाफे या रंगावरून मोजायच्या पद्धतीने काढलंस तर मधुमेहात लघवीत येऊ शकणाऱ्या कीटोनमुळे ते खोटं वाढतं आणि तुझं गुणोत्तर खोटं उतरतं. एन्झाइमची पद्धत वापर. थ्रॉम्बॉक्सेन मोजायची चाचणी म्हणजे कॉम्पिटिटिव्ह एलायझा. त्यात रंग फिका म्हणजे पदार्थ जास्त. इथे बरेच जण उलटं वाचतात. 96 खळ्यांच्या प्लेटमध्ये स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने) आणि प्रत्येकाची दुहेरी मोजणी धरून जेमतेम 35-36 नमुने बसतात. किटचा खर्च त्यावरून काढ.

आणि बाबा, नमुने सकाळी गोळा करून बर्फात न्यायचे असतात. क्लासच्या फीआधी तिला एक बरा आइसबॉक्स घेऊन द्या.