मुलीला हायस्कूलच्या कलर गार्डमध्ये जायचंय. पाठवावं, की डान्स टीम बरी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ऑगस्टमध्ये नववीत जाईल, टेक्सासमध्येच राहता, तिचं सात वर्षं भरतनाट्यम झालंय आणि आता तिने कलर गार्डचा, म्हणजे शाळेच्या बँडसोबत झेंडे फिरवणाऱ्या पथकाचा, हट्ट धरलाय. तिच्या बाबांचं म्हणणं, झेंडे फिरवून काय मिळणार, नाचायचंच असेल तर डान्स टीम तरी घे. अभ्यासाचं काय होतं, रात्री किती उशीर होतो, कपडे कसे असतात, हेही तुम्ही विचारलंय.

पाठवा. आणि एकदा पाठवलंत की चारही वर्षं राहू द्या, मध्येच काढून घेऊ नका. हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

"झेंडे फिरवून काय मिळणार" हे वाक्य मी २००० साली आमच्या स्वयंपाकघरात ऐकलंय, शब्दन् शब्द हेच. बाबा वायटूकेच्या कामावर आले होते, त्यांच्या मागोमाग आई आणि मी १९९९ च्या जूनमध्ये नाशिकहून डॅलसजवळ आलो. नववीचं सगळं वर्ष मी जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसून काढलं. शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्याला शेजारची मुलगी ओढून घेऊन गेली तेव्हा खेळातलं मला काही कळलं नाही, पण हाफटाइमला बँड उतरला आणि त्याच्या पुढे-मागे-मधून वीसेक मुली आणि दोन मुलं झेंडे घेऊन पळत आली. सगळ्यांचे झेंडे एकाच क्षणी वर गेले, एकाच क्षणी खाली आले. मला आमच्या शाळेचं पटांगण आठवलं. पंधरा ऑगस्टच्या आधी महिनाभर पीटीच्या सरांनी लेझीम बसवून घ्यायचं, आठाच्या मोजणीवर शंभर जणींनी एकदम वाकायचं. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा मला एखादी गोष्ट आधीपासून येत असल्यासारखी वाटली.

तुमच्या यजमानांना एक सांगा. यातला 'कलर' म्हणजे रंग नव्हे. पलटणीचं निशाण म्हणजे कलर, आणि ते राखणारी तुकडी म्हणजे कलर गार्ड. आपल्याकडे जरीपटका सांभाळणं मानाचं होतं ना, तसंच. पहिल्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ड्रम आणि बिगुलची पथकं चालवली, त्यांच्यातून हे शाळांच्या बँडमध्ये मुरलं. आता त्यात झेंडा आहे, लाकडी रायफल आहे, सेबर म्हणजे तलवार आहे, आणि अर्ध्याहून जास्त नाच आहे. रायफल हे नाव ऐकून माझे बाबा दचकले होते. तिला नळी नसते, चाप नसतो. पांढरा रंग दिलेलं लाकूड असतं आणि त्याला एक पट्टा. पण ती हवेतून तीन गिरक्या घेऊन खाली येते तेव्हा हाताला चांगलीच लागते.

मे २००० मध्ये मी ऑडिशन दिली. चार दिवस शिकवतात, पाचव्या दिवशी बघतात. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसतं ड्रॉप स्पिन: झेंड्याचा पोल छातीसमोर चक्रासारखा फिरत राहतो, दोन्ही हात आळीपाळीने तो धरत जातात, एकही ठोका चुकवायचा नाही. खांदे भरून आले. आईने रात्री राईचं तेल चोळून दिलं आणि फॉर्मवर सहीही तिनेच केली. बाबांनी केली नाही.

दहावीत झेंडा, अकरावीत रायफल. अकरावीचं ते २००१ चं वर्ष. त्याबद्दल बाबांच्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर आमच्या भागातल्या सगळ्याच सावळ्या माणसांची झोप उडाली होती. ४ ऑक्टोबरला मेस्कीटमध्ये गॅस स्टेशन चालवणाऱ्या एका गुजराती गृहस्थांना त्यांच्याच दुकानात गोळी घालून मारलं. आम्ही तिथून फार लांब राहत नव्हतो. सामन्यावरून परतायला रात्रीचे साडेअकरा व्हायचे, आणि बाबा म्हणाले, आता बास. तेव्हा बँडमधल्या एका ट्रम्पेटवाल्या मुलाची आई आपणहून घरी आली. तिने त्या हंगामात दर शुक्रवारी मला गाडीतून घरी सोडलं, आणि आमच्या दाराचा दिवा लागून आई दिसेपर्यंत ती गाडी हलवायची नाही. उशीर होतो का, हे तुम्ही विचारलंत. होतो. पण बँडचे पालक ही काय चीज असते ते आत शिरल्यावरच कळतं.

त्याच हंगामात मला ट्रिपल साधला. रायफल तीन गिरक्या घेते, आपण खाली पाय बदलतो, मान वर करून तिच्याकडे बघत बसायचं नसतं. आम्ही सातजणी तिरक्या ओळीत उभ्या असायचो आणि सातही रायफली एकाच ठोक्याला हातात यायच्या. त्या आवाजाला दुसरी उपमा मला आजतागायत सापडलेली नाही. एखादीची पडली तर सातऐवजी सहाचा आवाज येतो आणि ते ओळीतल्या प्रत्येकीला ऐकू जातं. पडली तरी चेहरा बदलायचा नाही, पुढची संधी आली की उचलायची आणि मोजणीत परत शिरायचं. हे मला नंतर नोकरीत जितकं उपयोगी पडलं तितकं कॉलेजातलं काहीही पडलं नाही.

आता ड्रिल कसं असतं ते सांगते, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही. मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते, आणि पाच यार्डांत आठ पावलं टाकायची. सारखीच. प्रत्येकाला नंबर असतो आणि शोच्या प्रत्येक चित्रासाठी एक ठरलेली जागा, तिला डॉट म्हणतात. ठरल्या मोजणीला त्या डॉटवर पोचायचं. दीडशे मुलांचे डॉट मिळून चित्र होतं. बदली खेळाडू बाकावर बसलेला असतो, तसं इथे नसतं. तुमची जागा तुमचीच.

२००२ च्या जुलैअखेर बँड कॅम्प सुरू झाला. उन्हात सकाळपासून रात्रीपर्यंत. पहिला आठवडा संपला त्या रविवारी बाबा म्हणाले, हे वर्ष कॉलेजच्या अर्जांचं आहे, एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, ऑक्टोबरात आहे, यंदा गार्ड नाही. चर्चा झाली नाही. आईही गप्प राहिली. सोमवारी मी रायफल परत करायला गेले. इन्स्ट्रक्टर रागावली नाही. तिने फक्त ड्रिलचे कागद परत मागितले, कारण ते आता दुसऱ्या कुणाला तरी लागणार होते.

सप्टेंबरात एका शुक्रवारी मी प्रेक्षकांत बसून तो शो पाहिला. रायफलची तिरकी ओळ आली. दोघींमध्ये चार पावलांचं अंतर असायचं. एका ठिकाणी ते आठ होतं. स्टेडियममधल्या दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसेल. पुढच्या महिन्यात स्पर्धेला गेले तोवर त्यांनी ओळ सारखी करून घेतली होती, आणि तेही मी पाहिलं.

आता अभ्यासाचं. बाबांशी माझा वाद तेव्हापासून चालू आहे आणि तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने तो मी इथे लिहूनच टाकते. बाबांचा मुद्दा एकच: सोडलंस म्हणून एसएटीत चाळीस गुण वाढले. वाढले, खरं आहे. पण मला सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला तो टेक्सासच्या १९९७ च्या कायद्याने, वर्गातल्या वरच्या दहा टक्के मुलांना थेट प्रवेश देणाऱ्या. त्यात एसएटीचे गुण किती हे बघत नाहीत, शाळेतला क्रमांक बघतात. आणि माझ्या अर्जावर जो क्रमांक गेला तो अकरावीअखेरचा होता. म्हणजे रोज मैदानावर रायफल फेकून घरी येऊन मिळवलेल्या गुणांचा. बारावीच्या पहिल्या सहामाहीत, हाताशी सगळा वेळ मोकळा असताना, कॅल्क्युलसमध्ये मला बी मिळाला. मोकळ्या संध्याकाळी मी खोलीत पुस्तक उघडं ठेवून बसायचे आणि साडेचार वाजले की मैदानावर आता काय चाललं असेल ते मनात मोजायचे. वेळ कमी होता तेव्हा तासाला तास लागायचा, पाऊणला पाऊण. हे बाबांना पटत नाही. मी इंजिनिअर झाले हा त्यांचा पुरावा; तोच माझाही आहे.

शिवाय टेक्सासात तुमच्या काळजीची अर्धी सोय कायद्यानेच केलेली आहे. १९८४ पासून 'नो पास, नो प्ले' आहे: एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गेलात की तुम्हाला स्पर्धेतून आणि हाफटाइममधून खाली बसवतात. आणि यूआयएलच्या, म्हणजे टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमाने शाळेच्या वेळेबाहेरचा सराव आठवड्याला ८ तासांच्या वर नेता येत नाही. सामने आणि स्पर्धा यांचा वेळ त्यात धरत नाहीत. मार्चिंग बँडमध्ये असलं की शारीरिक शिक्षणाचं क्रेडिटही त्यातच मिळू शकतं, ते समुपदेशकाला आधीच विचारून ठेवा. कॉलेजच्या अर्जावर दिसावं म्हणून पाठवत असाल तर मात्र पाठवू नका. तिथे एक ओळ भरण्यासाठी चार वर्षं खांदे दुखवून घेऊ नयेत.

डान्स टीमचं. इथे तिला ड्रिल टीमही म्हणतात आणि तिची परंपरा मोठी आहे. किल्गोर कॉलेजच्या रेंजरेट्स १९४० पासून फुटबॉलच्या मैदानावर पाय कपाळाला लावून दाखवतायत आणि टेक्सासमधल्या शाळांच्या टीम्सनी त्यांच्याकडूनच बरंच घेतलंय. पण ऑडिशनला स्प्लिट, उंच किक, गिरक्या हे सगळं आधीच यावं लागतं; लहानपणापासून स्टुडिओत जाझ आणि बॅले केलेल्या मुली समोर असतात. गार्ड शून्यापासून शिकवतं. तुमच्या मुलीला ताल आणि चेहऱ्याचा अभिनय यांचा दोन्हीकडे फायदा होईल. अरमंडीचा, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसण्याचा, फारसा नाही, गार्डचा नाच बॅले आणि मॉडर्नवर उभा आहे आणि तिला गुडघे सरळ ठेवायला नव्याने शिकावं लागेल. पण मुख्य म्हणजे तिने मागितलंय ते गार्ड. डान्स टीम तिच्या बाबांनी मागितलीय. 'डान्स' हा शब्द मंडळाच्या कार्यक्रमात चारचौघांना सांगायला सोपा जातो, एवढंच तिच्यात जास्त आहे, आणि त्यासाठी मुलीची इच्छा बदलायला लावू नका.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. फी शाळेगणिक वेगळी असते, आणि बूटं, हातमोजे, मेकअप, प्रवास धरून वर्षाचा पूर्ण आकडा बँड बूस्टरकडून, म्हणजे बँडच्या पालकांच्या संघटनेकडून, लेखी मागा. शरद ऋतूतला मार्चिंगचा हंगाम संपला की व्यायामशाळेत विंटर गार्ड सुरू होतं, त्याची फी आणि ऑडिशन वेगळी. ज्या शाळा राष्ट्रीय पातळीवर जातात त्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला डब्ल्यूजीआयच्या (विंटर गार्ड इंटरनॅशनल) अंतिम स्पर्धेला नेतात, तो खर्च घरच्या बजेटात बसतो का ते पहिल्या वर्षी बघून मगच विंटरला हो म्हणा. मनगट किंवा खांदा दोन आठवडे सलग दुखला तर डॉक्टरला दाखवा, "होतं सवयीने" म्हणून सोडू नका. इन्स्ट्रक्टर वाईट असेल, मुलींना वजनावरून बोलत असेल, तर माझं चार वर्षांचं म्हणणं विसरा आणि त्याच दिवशी बाहेर काढा. काढायला ती दोन कारणं पुरेशी आहेत, एक शरीराचं आणि एक अपमानाचं. एसएटी हे कारण त्यात बसत नाही.

आणि सोडायचं असेलच तर मे महिन्यात सोडा, ड्रिल लिहायच्या आधी. बँड कॅम्प सुरू झाल्यावर नाही.

ऑडिशन मुली आठवीत असतानाच एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा फारसा वेळ नाहीये. केस घट्ट अंबाड्यात बांधायचे, अंगठी-बांगडी काढून ठेवायची, नखं कापायची. घरी सरावाला पाच-सहा फुटांचा पीव्हीसी पाइप चालतो, दोन्ही टोकांना रबरी बूच आणि मध्यावर रंगीत टेपची खूण, अंगणात करा, पंख्याखाली नको.

कपड्यांचं राहिलं. अंगाला घट्ट बसणारा पोशाख असतो, कारण सैल कापडात पोल अडकतो. बहुतेक वेळा हातापायांना त्वचेच्या रंगाचं अस्तर असतं. आमच्या वेळी ते अस्तर एकाच रंगात यायचं, गोऱ्या कातडीच्या. माझ्यासाठी आईने चहाच्या पाण्यात उकळून रंगवलं, दोनदा, पहिल्यांदा फिकं झालं होतं म्हणून. आता निरनिराळ्या छटा मिळतात. माप देतानाच तिची छटा सांगा.